झाड आपलं, परवानगी महापालिकेची

वळवाचा पहिला तडाखा बसला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूरच पालटतो. फेब्रुवारीत गुलाबाची छाटणी विचारणारे लोक मेमध्ये झाड पाडायला निघालेले असतात. यंदाही तेच झालंय. म्हणून कुंड्या, खतं आणि जास्वंदीवरचा मावा पुढच्या अंकावर ढकलतो आणि आज फक्त झाडतोडीच्या परवानगीबद्दल लिहितो. नोकरीची वर्षं उद्यान खात्यात गेली. लोकांचे अर्ज हातात धरून त्यांच्याच अंगणात, त्याच झाडाखाली उभं राहायचं हे माझं काम होतं. त्यामुळे अर्ज कुठे अडतो आणि का अडतो, हे ऐकीव नाही.

प्रश्न : स. न. वि. वि. एरंडवण्यात आमचा जुना बंगला आहे. फाटकाजवळ मोठा गुलमोहर आहे. वडिलांनी तो ७२ च्या दुष्काळात लावला आणि आंघोळीचं पाणी घालून जगवला. आता तो रस्त्याच्या बाजूला कललाय. सकाळी त्याच्याच खाली मुलं शाळेच्या बसची वाट बघत उभी असतात. गेल्या पावसाळ्यात एक फांदी शेजाऱ्यांच्या गाडीवर पडली. फेब्रुवारीपासून झाडावर पान नाही, म्हणजे वाळलाच असावा. जागा आमची, झाड आमचं, लावलं वडिलांनी, मग महापालिकेला विचारायचं कशाला? एक ठेकेदार म्हणतो, रविवारी सकाळी येतो, दुपारपर्यंत जागा साफ. आईचा मात्र विरोध आहे. काय करावं?
(एक वाचक, एरंडवणे, पुणे. पत्र एप्रिलमधलं आहे.)

उत्तर : आधी ठेकेदाराला ‘नको’ म्हणून कळवा, मग पुढचं वाचा.

महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन करण्याचा कायदा आहे. तो रस्त्यावरच्या झाडांना लागू आहे तसाच तुमच्या फाटकाच्या आतल्या झाडालाही. झाड तुमचं आहे हे कायदा नाकारत नाही. ते तोडायचं की नाही हे तुम्ही एकट्याने ठरवायचं नाही, एवढंच त्याचं म्हणणं. आणि तोडणं म्हणजे फक्त बुंध्यावर कुऱ्हाड नव्हे. जाळणं, कापणं, कोणत्याही प्रकारे झाडाला इजा करणं, सगळं त्यात येतं. शिक्षेत दंड आहे, कैदही आहे आणि प्रत्येक झाडाचा गुन्हा वेगळा धरतात. रविवारी कोणी येत नाही हा समज जुना झाला. चेन सॉ सुरू झाली की समोरच्या गॅलरीतून फोटो निघतो आणि चहा व्हायच्या आत तो चार ग्रुपवर फिरतो. पंचनाम्यात नाव मालकाचं येतं. ठेकेदाराचा टेम्पो तोवर वारज्याच्या पुढे गेलेला असतो.

आता तुमचा गुलमोहर. फेब्रुवारीपासून पान नाही म्हणून वाळला, असं म्हणणारे अर्ज मी दरवर्षी वाचत होतो. साहेब, गुलमोहर मूळचा मादागास्करचा. कोरड्या दिवसांत तो पानं टाकतो आणि नुसत्या काळ्या शेंगा लटकवून उभा राहतो. हा अंक तुमच्या हातात पडेपर्यंत त्याला तांबडे तुरे आलेले असतील. खात्रीच करायची तर पेन्सिलीएवढी फांदी धरा आणि नखाने साल खरवडा. आत ओलसर हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. सगळीकडे तपकिरी, कोरडं लागलं आणि काडी कट्‌कन मोडली, तर ती फांदी मेलेली. पण एक फांदी म्हणजे झाड नव्हे, चारी बाजूंनी बघा. पांगारा, काटेसावर, शिरीष यांचंही असंच होतं. शिरीषाच्या वाळक्या शेंगा खुळखुळायला लागल्या की लोक घाबरून कार्यालयात येतात.

कलण्याबद्दल. झाड कललेलं असणं आणि झाड कलत जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंगल्याच्या सावलीतून उजेडाकडे झुकत वाढलेली झाडं पुण्यात गल्लोगल्ली आहेत. त्यांचा बुंधा खाली तिरका असतो आणि वर जाऊन पुन्हा सरळ वळतो. हा कल लहानपणापासूनचा, झाडाने त्याप्रमाणे मुळ्या आणि लाकूड बांधून घेतलेलं असतं. भीती असते ती नव्या कलाची. झाड ज्या बाजूला झुकलंय त्याच्या विरुद्ध बाजूची जमीन बघा. म्हणजे तुमच्या बाबतीत बंगल्याकडची. तिथे अर्धगोलात भेग पडलीय का, माती उचलल्यासारखी फुगलीय का, फरशी वर आलीय का? मग बुंध्याशी वाका. जमिनीलगत तपकिरी, कडक, बशीसारखी अळंबी उगवली असेल तर आत कूज आहे. लाकडी हातोडीने बुंधा ठोकत गोल फिरा, पोकळ भागाचा आवाज बद्द येतो. ढोली असेल तर सळई किती आत जाते ते पाहा. हे सगळं उद्यान खात्याचा निरीक्षक आल्यावर करेलच, पण तुम्ही आधी केलंत तर अर्जात काय लिहायचं ते कळेल.

गुलमोहराचा खरा दोष त्याच्या मुळ्यांत आहे. त्या खोल जात नाहीत, उथळ पसरतात. आणि त्या जिथे पसरतात तिथेच आपण खणतो. पावसाळ्यात उन्मळून पडलेला गुलमोहर पाहायला मी गेलो की आधी खड्ड्यात बघायचो. बहुतेक वेळा रस्त्याकडच्या बाजूला मुळ्याच नसत. कधी गटारासाठी कापलेल्या, कधी केबलसाठी, कधी पदपथ करताना. कापलेली टोकं जुनी, काळी पडलेली. एका बाजूचे पाय तोडलेलं झाड वाऱ्यात उभं राहणार कसं? तुमच्या फाटकासमोर गेल्या काही वर्षांत खोदाई झाली असेल तर ती केव्हा, कशासाठी, बुंध्यापासून किती फुटांवर, हे आठवून लिहा. बुंध्याला भिडवून पेव्हर ब्लॉक घातले असतील तर ते तेवढ्यापुरते आजच काढा. त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. तुम्हाला झाड नको आहे, की पोरांच्या डोक्यावरची फांदी नको आहे? तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तक्रार सगळी फांद्यांची आहे आणि मागणी झाड तोडायची. माझ्याकडे यायचे त्यातले बरेच अर्ज असेच असायचे. रस्त्याकडच्या जड फांद्या काढून आणि बाकीचा पसारा विरळ करून जर धोका जाणार असेल, तर तेवढंच मागा. छाटणीचा अर्ज लवकर मार्गी लागतो, खर्च कमी येतो आणि घरात आईशी भांडण होत नाही. छाटणीलाही परवानगी घ्यायची, हे विसरू नका. ठेकेदारावर नजर ठेवा. त्यांना एकाच बाजूने सपासप कापायची सवय असते. मग उरलेला सगळा भार दुसऱ्या बाजूला जातो आणि पुढच्या वर्षी झाड बंगल्यावर येतं. फांदी बुंध्याला जिथे मिळते तिथे एक जाडसर कडं असतं, त्याच्या लगेच बाहेर काप हवा. हातभर खुंट ठेवला की तो कुजतो आणि कूज आत जाते. जाड फांदीला आधी खालून काप द्यायचा, नाहीतर ती पडताना बुंध्याची साल ओरबाडून नेते.

आणि आई. प्रॉपर्टी कार्डावर नाव कोणाचं आहे? आईंचं असेल तर अर्ज त्यांच्या सहीने जाईल, म्हणजे महापालिकेपर्यंत जाण्याआधीच निकाल लागला. सामाईक असेल तर सगळ्यांची लेखी संमती लागते. माझ्या काळात भावाभावांच्या वादातले अर्ज झाडापेक्षा जास्त वाकडे असत.

अर्ज तुमच्या क्षेत्रीय कार्यालयातल्या उद्यान विभागाकडे द्यायचा. मुख्य कार्यालय जंगली महाराज रस्त्यावर संभाजी बागेत आहे. सोबत मालकीचा पुरावा, मिळकतकराची पावती, जागेचा साधा नकाशा आणि फोटो. फोटो तीन तरी हवेत : संपूर्ण झाड, बुंधा जवळून, आणि जिथे दोष आहे ती जागा. पोच घ्या आणि आवक क्रमांक जपून ठेवा. पुढे चौकशी करायची किंवा माहिती अधिकारात विचारायची वेळ आली तर त्या क्रमांकाशिवाय कोणी दाद देत नाही.

अर्जात काय लिहिता यावर बरंच अवलंबून असतं. पालापाचोळा पडतो, गटार तुंबतं, गाडीवर पक्षी घाण करतात, घरात अंधार येतो, वास्तुशास्त्राप्रमाणे त्या दिशेला झाड नको, पार्किंग होत नाही. ही कारणं मी हजारदा वाचली असतील. यातलं एकही झाडाबद्दल नाही, सगळी अर्जदाराबद्दल आहेत. निरीक्षकाला झाडाबद्दल सांगा. असं :

‘सदर गुलमोहर वृक्षाचा बुंधा जमिनीलगत रस्त्याच्या बाजूस पोकळ झाला असून त्यावर बुरशीची वाढ दिसत आहे. विरुद्ध बाजूस जमिनीला भेग पडली आहे व ती वाढत आहे. वृक्षाखाली शालेय मुलांचा बसथांबा आहे. तरी पाहणी करून धोकादायक फांद्या काढण्याची, व आपल्या पाहणीत आवश्यक वाटल्यास वृक्ष काढण्याची परवानगी मिळावी.’

जे दिसेल तेच लिहायचं, हे वेगळं सांगायला नको. ‘आवश्यक वाटल्यास’ हे दोन शब्द मात्र ठेवा. समोरच्या माणसाला दरवाजा उघडा राहतो.

तोडण्याचाच अर्ज असेल तर पुढचा क्रम लांब आहे. वृक्ष अधिकारी जागेवर येऊन पाहणी करतात. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस येते, तीच झाडावरही लावतात. ती फाडू नका, शेजाऱ्यालाही फाडू देऊ नका. हरकत आली तर हरकत घेणाऱ्याचं म्हणणं ऐकतात. मग प्रकरण वृक्ष प्राधिकरणापुढे, म्हणजे झाडतोडीचा निर्णय घेणाऱ्या महापालिकेच्या समितीपुढे जातं. महापालिका आयुक्त त्याचे अध्यक्ष असतात. परवानगी हातात पडल्यावरही १५ दिवस थांबायचं असतं. हे सगळं धरून अर्ज दिवाळीनंतर लगेच करावा असं माझं मत आहे. मेमध्ये अर्ज करून जूनच्या आत झाड काढू म्हणणाऱ्याला मी काय सांगणार?

तुमच्या झाडाला आणखी एक अडचण आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड हेरिटेज म्हणजे वारसा वृक्ष ठरतं. ७२ च्या दुष्काळातला गुलमोहर त्यात बसतो. त्याच दुरुस्तीने असंही ठरलं की एक झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची. म्हणजे पन्नासावर रोपं, तीही सहा-आठ फुटांची, आणि पुढे काही वर्षं ती जगवण्याची जबाबदारी. तुमच्या फाटकाशी तेवढी जागा आहे का? वय लपवायचा मोह होईल. निरीक्षक टेप लावून छातीएवढ्या उंचीवर बुंध्याचा घेर घेतो. शिवाय महापालिकेने जीआयएस पद्धतीने, म्हणजे प्रत्येक झाड संगणकाच्या नकाशावर टिपून, वृक्षगणना केलेली आहे, त्यात तुमचं झाड नोंदलेलं असण्याचीच शक्यता जास्त. दुष्काळाची गोष्ट मला जशी लिहिलीत तशीच त्यांनाही सांगा.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. आजच्या रात्री वादळात झाड निम्मं उपटलं, बंगल्यावर किंवा तारांवर टेकलं आणि जिवाला धोका उभा राहिला, तर नोटिशीची वाट बघत बसायचं नाही. तातडीची कारवाई करता येते, मात्र वृक्ष अधिकाऱ्यांना २४ तासांच्या आत कळवायचं असतं. अग्निशमन दल १०१ वर. तारा असतील तर आधी महावितरण, मग बाकी सगळे. कापण्यापूर्वीचे फोटो काढून ठेवा, कापल्यावर पुरावा उरत नाही.

प्रश्न : काका, आमच्या सोसायटीला लागून एक बंगला आहे. त्यांच्या फणसाच्या फांद्या आमच्या पार्किंगवर येतात. मागच्या महिन्यात फणस पडून एका स्कूटरचा आरसा आणि दिवा फुटला. त्यांना सांगितलं तर म्हणतात, तुम्हीच कापा. आम्ही कापू शकतो का?
(सोसायटीच्या सचिव, सिंहगड रस्ता)

उत्तर : ताई, ‘तुम्हीच कापा’ हे त्यांना कागदावर लिहून द्यायला सांगा. बुंधा ज्यांच्या जागेत झाड त्यांचं, आणि अर्जही त्यांचाच असायला हवा. त्यांची संमती जोडून सोसायटीने पाठपुरावा केला तरी चालतं. खर्च निम्मा निम्मा वाटून घ्या, पुढची वीस वर्षं त्याच भिंतीच्या दोन बाजूंना राहायचंय. संमती देत नसतील तर क्षेत्रीय कार्यालयात तक्रार द्या. पाहणी करून मालकाला सांगण्याचं काम त्यांचं.

फणस मात्र दरवर्षी उतरवून घ्या, त्याला परवानगी लागत नाही. नारळ आणि सुकलेल्या झावळ्यांचंही तसंच. दोर लावून फणस खाली सोडणारा माणूस मिळाला की त्याचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. आणि निम्मे गरे मागून घ्या. कच्च्या फणसाची भाजी मिळाली की तक्रारीचा आवाज खाली येतो, हा माझा अनुभव आहे.

प्रश्न : परवानगीच्या भानगडीत न पडता झाड हळूहळू वाळवता येतं असं ऐकलं. बुंध्याला भोक पाडून हिंग किंवा मोरचूद भरतात म्हणे. प्रमाण किती?
(नाव कळवलेलं नाही)

उत्तर : प्रमाण सांगणार नाही. नाव का कळवलं नाही तेही समजलं.

बुंध्यातलं ड्रिलचं भोक निरीक्षकाला लगेच दिसतं. वरून मेण, माती, सिमेंट काहीही लावा, भोवतीची साल काळी पडते आणि रस गळतो. कायद्याने ही इजाच आहे, म्हणजे तोडल्यात जमा. शिवाय व्यवहाराचं बोलू. जिवंत झाडावर माणूस चढतो, दोर बांधतो, फांदी फांदी करून उतरवतो. मेलेल्या झाडावर जाणकार माणूस चढायला तयार होत नाही, कारण कोणती फांदी पायाखाली मोडेल याचा भरवसा नसतो. मग क्रेन आणावी लागते. क्रेन तुमच्या गल्लीत शिरते का ते आधी बघा.

प्रश्न : सहकारनगरमधली आमची सोसायटी पुनर्विकासाला जाते आहे. आवारात आंबे, एक बकुळ, दोन नारळ, कडेने उंच अशोकाची रांग आणि मागे एक मोठं उंबर आहे. विकसक म्हणतो, झाडांचं आम्ही बघतो, जी अडतील ती दुसरीकडे हलवू. काही सभासदांना हे पटत नाही. आम्ही काय विचारायला हवं?
(समिती सदस्य)

उत्तर : ‘आम्ही बघतो’ या वाक्यावर सही करू नका. करारनाम्यात झाडांची यादी जोडा : जात, घेर, अंदाजे वय, आणि नकाशावर जागा. प्रत्येक झाडापुढे राहणार, हलवणार की काढणार, हे लिहून घ्या. परवानगी कोणाच्या नावाने मागणार आणि अटी मोडल्या तर जबाबदार कोण, तेही. जमीन संस्थेची आहे, त्यामुळे सर्वसाधारण सभेचा ठराव मागतील. ठरावाच्या मसुद्यात ‘आवश्यक ती सर्व झाडे’ असा शब्दप्रयोग असेल तर खोडा. कोरा धनादेश आहे तो.

मग नकाशा मांडा आणि तळघर बघा. झाडं इमारतीमुळे क्वचित जातात, जातात ती तळघरातल्या पार्किंगमुळे. तळघराची भिंत कुंपणापर्यंत नेली की कडेची सगळी रांग गेली. ती दोन-तीन मीटर आत घेतली तर बरीचशी झाडं वाचतात, एखाद-दुसरी गाडी कमी लागते एवढंच. हे आर्किटेक्टला पहिल्या बैठकीत सांगितलं तर तो ऐकतो. नकाशा मंजूर झाल्यावर सांगितलं तर चहा पाजतो.

झाड हलवण्याबद्दल माझं मत कडवट आहे. नीट केलं तर जमतं, पण नीट करायला वेळ लागतो. मोठ्या झाडाच्या मुळ्या एका बाजूने खणून कापायच्या, तिथे खत-माती भरून नवी तंतुमुळं फुटू द्यायची, मग दुसरी बाजू. यात महिने जातात. विकसकाच्या वेळापत्रकात एक शनिवार असतो. जेसीबी येतो, झाड उपटतो, फांद्या सगळ्या उडवून खांब करतो आणि दुसरीकडे खड्ड्यात रोवतो. खांबाला महिन्याभरात पालवी फुटते, तिचा फोटो अहवालात लागतो. ती पालवी बुंध्यातल्या साठ्यावर आलेली असते. पुढच्या उन्हाळ्यात जाऊन कोणी बघत नाही. तुमच्या यादीत हलवल्यावर जगण्याची खरी आशा उंबराला आहे. वड, पिंपळ, उंबर ही मंडळी सोशिक. जुना आंबा हलवतो म्हणणाऱ्याला आधीचा जगलेला आंबा दाखवायला सांगा, दोन पावसाळे झालेला.

उंच अशोकासाठी मी फारसा भांडणार नाही, तो लवकर वाढतो आणि नवा लावता येतो. आंबे आणि बकुळ यांच्यासाठी भांडा. बकुळ किती सावकाश वाढते ते ज्यांनी लावली त्यांना विचारा. वयाइतकी झाडं लावण्याची अट विकसकाच्या बाजूने मोजून दाखवा : साठीतले चार आंबे काढले तर २४० रोपं, त्यांची जागा, पाणी, राखण. बऱ्याच वेळा एवढ्या हिशोबावरच आंबा नकाशात परत येतो.

आणि पावसाळ्यात काम काढणार असाल तर आधी वर बघा. घरटी असतील, विशेषतः बगळ्यांची, तर १९७२ चा वन्यजीव कायदा आडवा येतो. घरटी मोडणं, अंडी नष्ट करणं हा गुन्हा आहे, हातात झाडाची परवानगी असली तरी.

प्रश्न : कसब्यातल्या आमच्या वाड्याच्या मागच्या भिंतीत पिंपळ उगवलाय. घरात म्हणतात, पिंपळाला हात लावायचा नाही. भिंत मात्र फुगते आहे.

उत्तर : किती जाड आहे ते लिहिलं नाहीत. बोटाएवढा असेल तर पाऊस सुरू झाल्यावर विटा ओल्या असताना मुळासकट अलगद निघतो. तो कुंडीत लावा आणि पुढे नदीकाठी किंवा देवळाच्या आवारात, जिथे त्यांना हवा असेल तिथे द्या. घरच्यांचं समाधान होतं आणि पिंपळाचंही. नुसता वरून छाटलात तर आतली मुळी जाड होत राहते आणि भिंत जास्त फुगते. मनगटाहून जाड झाला असेल तर अर्ज करा आणि गवंड्याला दाखवून भिंतीची अवस्था अर्जात लिहा. ही भिंत एकट्या तुमची नसेल, वाड्यात तसं क्वचितच असतं, तर बाकीच्या हिस्सेदारांच्या सह्या आधी गोळा करा. त्यालाच जास्त वेळ लागेल.

प्रश्न : आमचं घर मांजरीला. पूर्वी ग्रामपंचायत होती. आता झाड काढायला कोणाकडे जायचं? निलगिरी आहेत, दोन सागवान आणि एक चंदनही आहे.

उत्तर : पुणे महापालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. तुमचा मिळकतकर महापालिकेकडे जात असेल तर अर्जही तिकडेच. पिंपरी-चिंचवडकरांची महापालिका वेगळी, आणि पुणे व खडकी कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत राहणाऱ्यांनी आपापल्या बोर्डाकडे विचारावं.

निलगिरी विहिरीचं पाणी पिते म्हणून काढायची आहे असं तुम्ही पुढे लिहिलंय. तेवढ्यावर परवानगी मिळेल असं धरून चालू नका. वर घरावरून तारा जातात म्हणता, ते कारण जास्त वजनाचं आहे. काढायची वेळ आली तर महावितरणला आधी पत्र द्या आणि काम शक्यतो गुरुवारी ठेवा. दुरुस्तीसाठी वीज बहुधा त्याच दिवशी बंद असते.

सागाचं लाकूड विकायचं किंवा हलवायचं असेल तर आधी वन विभागात चौकशी करा. चंदनाच्या बाबतीत तर वन विभागाची परवानगी लागतेच. तोपर्यंत रात्री आवारात दिवा ठेवा, कुत्रा असेल तर सोडा. पुण्यात चंदनाची झाडं रातोरात कापून नेतात, बंगल्यांतून आणि संस्थांच्या आवारांतूनही. आणि झाडाचा बुंधा किती जाड झालाय हे कोणाला सांगत फिरू नका. मलाही पत्रात सेंटीमीटरसकट लिहिलंत, ते मी इथे छापायला दिलेलं नाही.